विहिरीवरचा पाइप दरवेळी त्याच जागी सडतो: तपासायला कुठून सुरुवात करायची

मोटर फिरते, पण पाणी अर्ध्यावर आलेलं. पंप वर काढला तर पंपाच्या तोंडाशी लावलेल्या जीआय निप्पलची (जस्ताचा थर चढवलेल्या लोखंडाचा, दोन्हीकडं आटे असलेला आखूड तुकडा) चाळणी झालेली. निप्पल बदलला, मजुरी दिली, पऱ्हाटीला पाणी सुरू झालं. दीड-दोन वर्षांनी पुन्हा तीच मजुरी. "मालच डुप्लिकेट येऊन राह्यला" म्हणत कास्तकार या खेपेला जाड निप्पल घेतो. तोही जातो, फक्त थोडा उशिरा.

माल डुप्लिकेट असतोही. पण तोच भाग, त्याच जागी, जवळपास तेवढ्याच काळात सडत असेल तर सडलेल्या भागाकडं बघत बसू नका. त्याला टेकून काय बसलंय ते बघा. पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांची बॅटरी होते. जास्त क्रियाशील धातू विरघळत जातो आणि दुसरा त्याच्या जिवावर शाबूत राहतो. निप्पलची चाळणी होते तेव्हा शेजारचा स्टेनलेसचा पंप चकचकीत असतो तो यामुळंच.

या बॅटरीला तीन गोष्टी लागतात: दोन वेगळे धातू, त्यांचा धातूला धातू असा स्पर्श, आणि दोघांना भिजवणारं एकच पाणी. तिघींतली एक तोडली की सडणं थांबतं. कोणती तोडता येईल ते शोधायला खालच्या तपासण्या आहेत. सोप्या आणि फुकटच्या आधी.

लक्षणं

जोडापाशीच सडलंय आणि दोन-तीन हात लांबचा तोच पाइप धडधाकट आहे, तर काम शेजाऱ्याचं. पूर्ण लांबीभर सारखाच गंज असेल तर ते पाण्याचं आणि वयाचं काम. तिथं पाइप बदलणं एवढाच इलाज, पुढचं वाचून फार उपयोग नाही.

रंगावरून बरंच कळतं:

- पांढरी, भुरभुरीत पूड: जस्त किंवा ॲल्युमिनियम विरघळतंय. जीआयवर ही पूड दिसते तोवर आतलं लोखंड अजून वाचलेलं असतं.
- लाल-तपकिरी गाठी: जस्त संपलं, आता लोखंडाची पाळी.
- हिरवट-निळा थर: तांबं किंवा पितळ. दिसायला वाईट, पण बहुधा वरवरचं.
- पितळेवर गुलाबी, मळकट डाग: हे वाईट. पितळेतलं जस्त निघून गेलं आणि मागं स्पंजासारखं तांबं उरलं. अशा व्हॉल्व्हला पान्हा लावला की तो बिस्किटासारखा तुटतो.
- बीडाचा (ओतीव लोखंडाचा) भाग आकारानं जसाच्या तसा, पण चाकूनं खरवडला तर पेन्सिलीच्या शिशासारखं काळं निघतं: बीडातलं लोखंड गेलं, नुसतं ग्रॅफाइट उरलं. डोळ्याला चांगला दिसणारा असा फूटव्हॉल्व्ह (पाइपाच्या बुडाशी पाण्यात असतो तो) हातात घेतला की हलका लागतो.
- स्टेनलेसवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं, बाकी सगळं चकचकीत: पाण्यातलं क्लोराइड.
- पितळेचा नट किंवा व्हॉल्व्ह गंज न चढता नुसताच चिरलाय: हा वेगळाच आजार, शेवटाकडं लिहिलाय.

१. कागदावर पंपाचा नकाशा काढा

खर्च शून्य. पंपापासून वर स्टार्टरपर्यंत, पाण्याला लागणारा प्रत्येक तुकडा क्रमानं लिहा आणि पुढं धातू लिहा. पंपाची बॉडी, एनआरव्ही (पाणी मागं न जाऊ देणारा व्हॉल्व्ह), निप्पल, कॉलम पाइप (पंपापासून वर येणारा), सॉकेट, बेंड, युनियन, गेट व्हॉल्व्ह, नट-बोल्ट. नट-बोल्ट विसरू नका, पुढं त्यांचंच काम आहे.

आता प्रत्येक तुकडा या ओळीत कुठं बसतो ते बघा. डावीकडचा खाल्ला जातो, उजवीकडचा वाचतो:

मॅग्नेशियम – जस्त (म्हणजे जीआयचं आवरण) – ॲल्युमिनियम – साधं लोखंड आणि बीड – शिसं-कथलाचा डाख – पितळ – तांबं – कांसं आणि गनमेटल – स्टेनलेस ३०४ – स्टेनलेस ३१६

दहावीच्या विज्ञानातली अभिक्रियाशीलता श्रेणी ज्यांना पाठ आहे त्यांना इथं दोन गोष्टी खटकतील, आणि खटकायलाच हव्यात. शाळेतली श्रेणी शुद्ध, स्वच्छ धातूंची. तिथं ॲल्युमिनियम (−१.६६ व्होल्ट) जस्ताच्या (−०.७६ व्होल्ट) बराच वर असतो. विहिरीच्या पाण्यात मात्र ॲल्युमिनियम जस्तापेक्षा सोशीक निघतं, कारण हवा लागताच त्याच्यावर ऑक्साइडचा काही नॅनोमीटरचा पापुद्रा धरतो आणि आतला धातू झाकला जातो. तो पापुद्रा शाबूत तोवर ॲल्युमिनियम गरीब गाय.

दुसरी गोष्ट स्टेनलेसची. ३०४ मध्ये सुमारे ७० टक्के लोखंडच असतं, तरी ते ओळीत लोखंडाशेजारी न बसता तांब्याच्याही पलीकडं बसतं. त्यातल्या १८ टक्के क्रोमियमचा असाच पापुद्रा तयार होतो, ८ टक्के निकेल त्याला साथ देतं. म्हणजे मिश्रधातूचा स्वभाव त्यात जास्त काय आहे यावर ठरत नाही, अंगावर कोणता पापुद्रा धरतो यावर ठरतो. "स्टीलला स्टील जोडलं, काय फरक पडते" हा हिशोब इथंच चुकतो. पाण्याला विचाराल तर स्टेनलेस आणि जीआय हे ओळीच्या दोन टोकांचे पाहुणे आहेत.

ओळीत जितकं अंतर जास्त तितकं खाणं जोरात. जीआय आणि साधं लोखंड शेजारी चालतात. पितळ आणि स्टेनलेसही बहुतेक ठिकाणी निभावून नेतात. जीआय थेट स्टेनलेसला किंवा पितळेला नको. नकाशावर अशा जोड्यांवर लाल खूण करा. बहुतेक वेळा खूण आणि सडलेली जागा एकच निघते.

२. जे लिहिलं ते खरंच तोच धातू आहे का?

दुकानात "पितळी" म्हणून मिळणाऱ्या फिटिंगमध्ये वरून मुलामा आणि आत ओतीव जस्त असा प्रकार असतो. जस्त ओळीच्या डाव्या टोकाला, त्यामुळं ते लोखंडाच्याही आधी जातं.

आधी कानस. आतल्या, न दिसणाऱ्या बाजूला दोन फटके मारा. पिवळं निघालं तर पितळ, करडं-निळसर निघालं तर जस्त. पितळेतलं जस्त गेलंय का हेही कानशीनंच बघायचं. चिंचेनं घासून बघू नका. चिंचेच्या आंबटानं चांगल्या पितळावरही वरवर गुलाबी झाक येते, आणि भंडाऱ्याचं अस्सल पितळसुद्धा नापास होईल.

मग वजन. किराणा दुकानाचा काटा आणि मापाचा जार पुरतो. फिटिंग तोला, मग जारमध्ये बुडवून पाणी किती मिलिलिटर वर चढलं ते बघा, आणि ग्रॅमला मिलिलिटरनं भागा. ४२५ ग्रॅमच्या तुकड्यानं ५० मिलि पाणी सरकवलं तर ८.५, म्हणजे पितळ. तेवढ्याच वजनानं ६० मिलि सरकवलं तर ७.१, म्हणजे जस्त. लोखंड ७.९ च्या आसपास, ॲल्युमिनियम २.७. आत हवा अडकू देऊ नका, नाहीतर आकडा खोटा येतो.

स्टेनलेसला लोक चुंबक लावून बघतात. चिकटलं नाही म्हणजे ३०४, हा समज अर्धाच खरा. कमी निकेलचं, मँगनीजवालं २०२ सुद्धा चिकटत नाही, आणि खाऱ्या पाण्यात ते ३०४ पेक्षा लवकर हार मानतं. उलट ३०४ चा वाकवलेला किंवा ठोकलेला भाग थोडा चिकटतो. चुंबक जोरात चिकटलं तर ते ३०४ नाही, एवढंच चुंबकावरून ठरवा. बाकीसाठी पक्कं बिल मागा.

३. छोटा तुकडा कोणता आणि मोठा कोणता

ही तपासणी सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. खाल्ला जाणारा तुकडा छोटा आणि वाचणारा मोठा असेल तर नाश कैक पटीनं वेगात होतो, कारण मोठ्या पृष्ठभागाची सगळी भूक एका छोट्या तुकड्यावर पडते. चार इंची स्टेनलेस पंपावर सहा इंचाचा जीआय निप्पल म्हणजे नेमकं तेच. स्टेनलेसच्या फ्लँजला (पाइपाच्या टोकाची, बोल्टनं जोडायची चकती) साधे लोखंडी बोल्ट लावले तर ते गेलेच म्हणून समजा. उलट लोखंडी फ्लँजला स्टेनलेसचे बोल्ट चालतात. मोठ्या फ्लँजमधून जाणारं लोखंड पसरून जातं, जाणवत नाही.

यातच आट्यांचा विषय येतो. दोन इंची जीआय पाइप तीन वर्गांत मिळतो: पिवळा पट्टा हलका, निळा मध्यम, लाल जड. भिंतीची जाडी अनुक्रमे २.९, ३.६ आणि ४.५ मिलिमीटर. दोन इंची पाइपाच्या आट्यांची खोली सुमारे दीड मिलिमीटर. म्हणजे पिवळ्या पट्ट्याच्या पाइपात आट्यांच्या बुडाशी १.४ मिलिमीटरच उरतं, आणि आटे पाडताना तिथलं जस्तही कापलं जातं. उघडं लोखंड, सगळ्यात पातळ जागा, आणि लगतच स्टेनलेस. पाइप तिथं सडणार नाही तर कुठं? विहिरीत उतरणाऱ्या पाइपाला पिवळा पट्टा घेऊच नये. निळा चालतो, खोल बोअरला लाल.

आटे पाडल्यावर त्यावर झिंकवाला प्रायमर लावून मगच टेफ्लॉन टेप किंवा सुतळी-सफेदा लावा. टेप गुंडाळला म्हणजे दोन धातू वेगळे झाले असं समजू नका. आवळताना आट्यांची धार टेप कापते आणि धातूला धातू लागतोच.

४. पाणी

पाणी जितकं खारं, तितकी बॅटरी जोरात. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या पूर्णेच्या दोन्ही काठांच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, तेल्हारा, संग्रामपूर या भागात, दुसरीकडं पाच-सहा वर्षं टिकणारी जोडी वर्ष-दीड वर्षात का उलगडते त्याचं उत्तर इथं आहे. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. पिण्याच्या पाण्याला ५०० मिलिग्रॅम प्रति लिटर ही चांगली मर्यादा आणि दुसरी सोय नसेल तर २०००. २००० च्या जवळ किंवा पुढं पाणी असेल तर जीआय-स्टेनलेसची जोडी ठेवूच नका. ३०४ चीसुद्धा खात्री धरू नका. ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, ते क्लोराइडच्या भोकांना आवर घालतं. गाळात रुतलेलं किंवा गॅस्केटखाली दबलेलं स्टेनलेस आधी भोकाळतं, कारण तिथं पापुद्रा पुन्हा धरायला ऑक्सिजन पोचत नाही. म्हणून पंप तळाच्या गाळात टेकवून ठेवू नये.

तुमच्याच पाण्यात कोण कोणाला खातं हे मल्टिमीटरनं सरळ कळतं. प्लास्टिकच्या बादलीत विहिरीचं पाणी घ्या. जीआयचा एक तुकडा आणि स्टेनलेसचा एक तुकडा, एकमेकांना न लावता, बुडवा. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, लाल टोक स्टेनलेसला, काळं जीआयला. साधारण अर्धा ते एक व्होल्ट दिसेल. आकडा अधिक दिसला म्हणजे काळ्या टोकाचा धातू खाल्ला जाणार. उणे आला तर उलटं. नवीन फिटिंग लावायच्या आधी जुन्या पाइपाच्या तुकड्यासोबत एवढी पाच मिनिटं काढली तर मजुरी वाचते.

क्लोराइड काय करतं ते डोळ्यानं बघायचं असेल तर वरूड-मोर्शी-काटोलच्या संत्रा पट्ट्यात घरोघरी मोरचूद (कॉपर सल्फेट) असतंच. काचेच्या जुन्या पेल्यात, पुन्हा स्वयंपाकात न जाणाऱ्या, पाऊण पेला पाणी आणि चमचाभर मोरचूद विरघळवा. घासून चकचकीत केलेला खिळा बुडवा: मिनिटभरात लाल तांबं चढतं, कारण लोखंड स्वतः विरघळून तांब्याला बाहेर ढकलतं. आता त्याच पाण्यात ॲल्युमिनियमच्या तारेचा तुकडा टाका. बराच वेळ काही होत नाही, पापुद्रा वाचवतो. मग चिमूटभर मीठ टाका. बुडबुडे येतात, तार काळी-लाल होते, पेला गरम लागतो. पापुद्रा मिठानं फोडला. खारपाणपट्ट्यात ॲल्युमिनियमवर भरवसा का ठेवायचा नाही ते या पेल्यात दिसतं. हे उघड्यावर करा, मुलांपासून दूर ठेवा, आणि पाणी ढोरांच्या हौदाकडं जाऊ देऊ नका. मोरचूद विषारी आहे.

जाता जाता, बुरशीवर फवारायचं बोर्डो मिश्रण (१ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी) लोखंडी किंवा जीआय टाकीत करायचं नाही ते याच कारणानं. प्लास्टिकचा ड्रमच. आणि तयार मिश्रणात घासलेलं विळ्याचं पातं बुडवून बघतात, लालसर झालं तर चुना कमी पडला म्हणून आणखी चुना घालतात, तो हाच खिळ्याचा प्रयोग.

ठिबक धुवायला आम्ल सोडत असाल तर ते पंपाच्या पुढं, व्हेंचुरीतूनच (लाइनमध्ये खत-औषध ओढून घेणारी नळी) जाऊ द्या आणि शेवटी साध्या पाण्यानं लाइन धुवा. आम्लाला शेजारी लागत नाही, ते जीआय आणि ॲल्युमिनियम एकट्यानंच खातं.

५. मधे प्लास्टिक घाला

आता खर्च सुरू. दोन धातूंचा स्पर्श तोडणं हा सगळ्यात टिकाऊ इलाज.

जमिनीवरच्या मोनोब्लॉकला (मोटर आणि पंप एकाच अंगाचे) सोपं आहे: पितळी व्हॉल्व्ह आणि जीआय पाइप यांच्यामधे यूपीव्हीसीचा (कडक प्लास्टिकचा) आटेवाला तुकडा बसवा. फ्लँजचा जोड असेल तर ३ मिलिमीटरचं रबरी गॅस्केट, प्रत्येक बोल्टला नायलॉनची नळी, आणि दोन्ही बाजूंच्या वॉशरखाली नायलॉनचे वॉशर. नुसतं गॅस्केट टाकून लोक थांबतात. मग बोल्टच पूल बनतो आणि गॅस्केटचा काही उपयोग राहत नाही. काम झाल्यावर पाइप कोरडा असताना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर ठेवून दोन्ही फ्लँजना लावा. बीप वाजला तर कुठंतरी धातू लागलेला आहे. पाणी भरलेलं असताना ही तपासणी करू नका, आकडा काहीही येतो.

बोअरमध्ये पूर्ण कॉलमच यूपीव्हीसीचा केला तर प्रश्न मुळातच मिटतो. खोली आणि पंपाचं वजन सांगून त्या क्षमतेचाच पाइप घ्या, आवळताना दातेरी पान्हा न लावता पट्ट्याचा पान्हा वापरा, आणि नायलॉनचा दोर पंपाला वेगळा बांधा. एक ठिकाण मात्र नीट बघा: या पाइपासोबत खाली पंपाला जोडायचं ॲडॅप्टर मिळतं. ते बीडाचं घेतलं तर निप्पलची जागा ॲडॅप्टरनं घेतली, बाकी काही बदललं नाही. पंप स्टेनलेसचा असेल तर ॲडॅप्टरही स्टेनलेसचंच.

प्लास्टिक घातल्यावर पाइपातून होणारी अर्थिंग तुटते. बऱ्याच ठिकाणी पंपाला अर्थिंगची वेगळी तार नसते, पाइपावरच भागवलेलं असतं. म्हणून वेगळी अर्थ वायर ओढल्याशिवाय हे काम करायचं नाही. पाइप वाचवायच्या नादात माणूस जाईल.

६. रंग कोणाला द्यायचा

सडणाऱ्या भागाला रंग देणं हा सगळ्यांचा पहिला विचार, आणि तोच चुकीचा. निप्पलला रंग दिला आणि पान्ह्यानं त्यावर एक ओरखडा पडला, तर शेजारच्या मोठ्या पंपाची सगळी भूक त्या एका ओरखड्यावर येते आणि आरपार भोक पडतं. रंग द्यायचा तो वाचणाऱ्या धातूला: जोडाजवळच्या पितळेला, स्टेनलेसला. त्याचा उघडा पृष्ठभाग कमी झाला की भूकच कमी होते. दोन्हींना दिला तर उत्तम, एकालाच देणार असाल तर उजवीकडच्याला. इपॉक्सी वापरा, साधा ऑइलपेंट पाण्याखाली सुटतो.

जस्ताचा किंवा मॅग्नेशियमचा तुकडा मुद्दाम बळीचा बकरा म्हणून जोडणं हाही उपाय आहे. बिजलीच्या गिझरमध्ये मॅग्नेशियमची दांडी असते ती त्यासाठीच, आणि ती संपली की टाकीची पाळी येते. विहिरीच्या पंपाला मात्र तो वर्षा-दोन वर्षांनी वर काढून बदलावा लागतो, तेवढ्या खटपटीत प्लास्टिकच परवडतं.

७. अर्थिंग आणि स्टार्टरमधले जोड

इथून पुढं हात लावायच्या आधी मेन स्विच बंद, ऑटो स्विच बंद, आणि फ्यूजची किटकॅट काढून खिशात. शेतीची थ्री फेज लाइन कधी येईल याचा नेम नसतो, आणि ऑटो स्विच तुम्हाला विचारून मोटर चालू करत नाही.

नकाशावर लाल खूण एकही नाही आणि तरी पाइप सडतोय, तर अर्थिंगच्या तारेकडं बघा. खड्ड्यात तांब्याची पट्टी किंवा प्लेट, आणि तार जीआय पाइपला: म्हणजे ओल्या जमिनीतून तांबं आणि जस्त जोडले गेले. पाइप जीआयचा असेल तर अर्थिंगचा रॉडही जीआयचा ठेवा. पाचव्या तपासणीत प्लास्टिक घालूनही फरक पडला नाही तर तोडलेला स्पर्श ही तार पुन्हा जोडत असण्याची शक्यता मोठी. म्हणून तार काढून टाकायची असं मात्र नाही, रॉड बदला.

स्टार्टरमध्ये ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर आणि मोटरची तांब्याची केबल नुसती पिळून जोडलेली असेल तर तोच खेळ हवेतल्या दमटपणावर चालतो. शिवाय ॲल्युमिनियम गरम झालं की तांब्यापेक्षा जास्त फुगतं (दर अंशाला दहा लाखांत २३ भाग, तांबं १७), थंड झालं की जोड सैल पडतो, फटीत ऑक्साइड धरतं, ऑक्साइड वीज वाहू देत नाही, जोड आणखी तापतो. एक फेज इथंच जाते आणि मोटर जळते. इलाज बायमेटल लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची टोपी): एक बाजू ॲल्युमिनियम, दुसरी तांबं. वायरचं टोक तारेच्या ब्रशनं घासून लगेच जॉइंट कंपाउंड लावा, दाबयंत्रानं लग दाबा, पक्कडीनं नाही. ॲल्युमिनियममधून तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच वीज वाहते, म्हणून ४ चौरस मिलिमीटर तांब्याच्या जागी ॲल्युमिनियम साडेसहाच्या वर, म्हणजे १० हवं. आणि जोड एकाखाली एक येत असतील तर तांबं खाली, ॲल्युमिनियम वर. तांब्यावरून ओघळलेलं पाणी ॲल्युमिनियमवर पडलं तर पेल्यातला प्रयोग स्टार्टरमध्ये सुरू होतो.

चिरणारं पितळ

गंज नाही, गुलाबी डाग नाही, तरी पितळी नट उभा चिरला. तो व्हॉल्व्ह गोठ्याजवळ, शेणखताच्या ढिगाजवळ किंवा युरियाच्या पोत्यांशेजारी होता का? ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनिया चिरतो. इंग्रजांच्या काळात हिंदुस्थानात पितळी काडतुसं पावसाळ्यात आपोआप चिरायची. घोड्यांच्या पागेतल्या मुताचा अमोनिया हे त्याचं कारण १९२१ मध्ये पक्कं झालं. इलाज सोपा: तिथं गनमेटल किंवा प्लास्टिकचा व्हॉल्व्ह लावा, आणि पितळ असेल तर गरजेपेक्षा जास्त आवळू नका.

इथं थांबा, माणूस बोलवा

पाइपाला किंवा पाण्याला हात लावल्यावर झिणझिणी आली, तर धातू-बितू सगळं राहू द्या. मेन बंद करून वायरमन बोलवा. तो ५०० व्होल्टच्या मेगरनं (वीज कुठं गळते ते मोजायचं यंत्र) मोटर आणि केबल तपासेल. १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर चालवायची नाही. पाइप सडतोय म्हणून तुम्ही शोधायला निघालात आणि खरा दोष केबलच्या फाटलेल्या जोडात होता, असं होतं.

बोअरमधून जीआय कॉलम हातानं ओढायचा नाही. ६० मीटर दोन इंची मध्यम पाइप म्हणजे सुमारे ३०० किलो, आणि एनआरव्हीनं धरून ठेवलेलं आतलं पाणी आणखी १३० किलो, वर पंप. हे सगळं एका सडलेल्या निप्पलच्या दीड मिलिमीटरवर लटकलेलं आहे, आणि नेमका तोच सडलाय म्हणून तुम्ही काढताय. तिकाटणं, चेनपुली आणि क्लॅम्प असलेलीच टोळी बोलवा. त्यांना आधीच सांगा की खालचा जोड सडल्याचा संशय आहे, म्हणजे ते ओढताना झटका देणार नाहीत. दोर बांधलेला आहे की नाही तेही सांगा.

जुन्या विहिरीत फूटव्हॉल्व्ह बघायला एकट्यानं उतरू नका, आणि आत डिझेल इंजिन चाललेलं असेल तर कोणीच उतरू नका.

टोळी येईल तेव्हा तुमचा नकाशाचा कागद, टीडीएसचा आकडा आणि मागच्या खेपेला सडलेला निप्पल त्यांच्या हातात द्या. तो भंगारात विकू नका. तो कोणत्या बाजूनं जास्त खाल्लाय, वरच्या आट्यांवर की खालच्या, यावरून शेजारी कोणता ते मिस्त्रीला लगेच कळतं.